समुद्रावरची एक दिवसाची सहल : नियोजन मुलांना करू द्या



जूनमध्ये शाळा उघडली की मराठीच्या तासाला पहिला निबंध ठरलेला असतो. 'सुट्टीतील सहल' किंवा 'समुद्रकिनाऱ्यावर एक दिवस'. वह्या तपासायला घेतल्या की बहुतेक वह्यांत तेच सापडतं. सूर्य तांबड्या गोळ्यासारखा दिसतो, लाटा पायांना गुदगुल्या करतात, वाळूचा किल्ला होतो आणि शेवटी 'तो दिवस मी कधीही विसरणार नाही' हे वाक्य येतं. गंमत अशी की त्या दिवसातलं काहीच वहीत नसतं. कोणत्या स्टेशनवर उतरलो, पाणी जवळ होतं की लांब गेलं होतं, जेवायला काय मिळालं, कितीला मिळालं, परतीची गाडी चुकली का, यातलं एक अक्षर नाही.

अशा वेळी आपण म्हणतो, मुलांचं वाचन कमी झालंय, शब्दसंपत्ती नाही. माझं मत थोडं वेगळं आहे. मुलाला सहलीतलं सांगता येत नाही, कारण सहलीत त्याने काही ठरवलेलंच नसतं. पहाटे त्याला उठवलं, गाडीत बसवलं, किनाऱ्यावर सोडलं, भिजल्यावर पुसलं आणि घरी आणलं. सामानाची बॅग जशी जाते-येते तसं ते जाऊन येतं. मग निबंधात गाईडमधलीच वाक्यं उतरणार, दुसरं काय होणार?

म्हणून या सुट्टीसाठी एक विनंती. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर, कुठेही राहत असा, घरातली मंडळी मिळून एक दिवस समुद्रावर जाणार असाल तर त्या दिवसाचं नियोजन घरातल्या पाचवी ते नववीतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे द्या. 'तू काय म्हणतोस बाळा, जाऊया का अलिबागला?' असं विचारणं म्हणजे नियोजन देणं नव्हे. कुठे जायचं, कोणत्या दिवशी, किती वाजता निघायचं, किती खर्च होईल आणि परत कधी फिरायचं, हे सगळं त्यांनी कागदावर मांडायचं आणि आपण ते तपासायचं. आणि शिक्षकांनो, कृपा करून याचा 'प्रकल्प' करू नका. प्रकल्प म्हटला की रात्री अकराला आई फेव्हिकॉल घेऊन बसते आणि मूल झोपलेलं असतं, हे तुम्हाला-मला दोघांनाही ठाऊक आहे.

आधी तास मोजा

मोठ्या माणसांना एका दिवसात सगळं हवं असतं. 'एवढं जातोच आहोत तर अलिबाग, काशीद, मुरुड सगळंच करून येऊ.' मुलाला नकाशा द्या आणि फक्त तास मोजायला सांगा. मुंबईहून पेण-वडखळमार्गे अलिबाग शंभरेक किलोमीटर. तिथून मुरुड आणखी सुमारे ५० किलोमीटर. मे महिन्यातल्या शनिवारी वडखळच्या आसपास गाड्यांची रांग लागली की काय होतं ते ज्यांनी भोगलंय त्यांना सांगायला नको. गाडीत किती तास आणि वाळूवर किती तास, असे दोन रकाने मुलाने केले की मुरुड त्याच्याच हाताने खोडलं जातं. तुम्ही नाही म्हणण्याची गरज राहत नाही.

पश्चिम उपनगरातल्या लोकांना तर इतकं लांब जायचं कारणच नाही. विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर अशी स्टेशनं आहेत आणि २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल जाते. केळवे रोडला उतरून शेअर रिक्षाने केळव्याच्या किनाऱ्यावर जाता येतं. सुरूचं बन आहे, शीतलादेवीचं देऊळ आहे, पानवेलींच्या बागा आहेत. सुरूच्या बनात एक छोटा भुईकोट आहे आणि ओहोटीला जवळून पाहता येणारा एक पाणकोटही आहे. त्याहून जवळ हवं असेल तर वसई. १७३९ साली चिमाजी अप्पांनी पोर्तुगीजांकडून घेतलेला किल्ला आपण इतिहासात शिकवतो, पण बोरिवलीतली कितीतरी मुलं तिथे कधी गेलेलीच नसतात. घाटकोपरकरांना मेट्रोने अंधेरी गाठून पश्चिम रेल्वे धरता येते. मुलुंडहून रस्त्याने जायचं की सीएसएमटीला उतरून गेटवेवरून लाँचने मांडव्याला जायचं, हा हिशेब मुलांनाच करू द्या. लाँचला साधारण तासभर लागतो आणि बहुतेकांच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. पावसाळ्यात या लाँच बंद असतात, हेही त्याने शोधून काढावं.

एक बारीक गोष्ट. विरारच्या पुढे लोकल थोड्याच आहेत. अंधेरीसारखी दर चार मिनिटांनी गाडी येत नाही. म्हणून नियोजनाच्या कागदावर सगळ्यात आधी परतीची गाडी लिहायला लावा, जाण्याची नंतर. मुलं नेहमी उलटं करतात. (मोठीही करतात.)

समुद्राचं वेळापत्रक

आता खरा मुद्दा. रेल्वेचं वेळापत्रक आपण पाहतो, हॉटेल कधी उघडतं ते पाहतो. ज्याच्यासाठी चाललो आहोत त्या समुद्राचं वेळापत्रक मात्र कोणी पाहत नाही. बालभारतीच्या सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा स्वतंत्र पाठ आहे. आपण तो शिकवतो, आकृती काढून घेतो, उधाण आणि भांग यांतला फरक लिहून घेतो, गुण देतो. तेच मूल सुट्टीत अलिबागला जातं आणि 'किल्ल्याभोवती पाणी होतं म्हणून आत जाता आलं नाही' असं सांगत येतं. पाठ आणि समुद्र यांची गाठ आपणच घालून दिलेली नसते.

ती घालायला मोबाइलही लागत नाही. भिंतीवरचं कालनिर्णय पुरतं. आपल्या किनाऱ्यावर एक जुना हिशेब चालत आलाय : तिथीची पाऊणपट करायची, ती भरतीची वेळ. शुद्ध असो वा वद्य, प्रतिपदेपासून मोजायचं. अष्टमी असेल तर ८ ची पाऊणपट ६, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण भरती. एकादशीला ११ ची पाऊणपट सव्वाआठ. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी ओहोटी, म्हणजे एकादशीला दुपारी अडीचच्या सुमारास पाणी सगळ्यात लांब. पाचवीच्या मुलाला पाव, अर्धा, पाऊण शिकवताना आपण भाकरीचे तुकडे करत बसतो. हे उदाहरण देऊन बघा.

मोठ्या मुलांसाठी यात आणखी एक मजा आहे. पौर्णिमेची तिथी १५ धरली तर पाऊणपट सव्वाअकरा येते. पण पुढच्या पंधरवड्यात हिशेब पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, तेव्हा पंधरा तिथींत घड्याळाचे १२ तास पूर्ण व्हायला हवेत. मग पाऊणपटीऐवजी किती पट घ्यावी? १२ भागिले १५, म्हणजे चार पंचमांश. एका तिथीला ४५ नव्हे, ४८ मिनिटं. पाऊणपट तोंडी करायला सोपी म्हणून ती टिकली, आणि महिन्याच्या कडेला ती पाऊण तास मागे पडते. आठवीतल्या मुलाने हे स्वतः शोधलं तर त्याला कसं वाटेल, विचार करा. शिवाय वारा आणि जागा यांप्रमाणे वेळ मागेपुढे होतेच. म्हणून हिशेबाने दिवस निवडायचा आणि जाण्याच्या आदल्या दिवशी भरतीच्या छापील किंवा मोबाइलवरच्या तक्त्याशी ताडून पाहायचा.

अलिबागच्या कुलाबा किल्ल्याचंच घ्या. ओहोटीला तिथे चालत जाता येतं, भरतीला चारही बाजूंनी पाणी. बहुतेक वर्षी मे महिन्यात मिळणारी एक सुट्टी म्हणजे बुद्धपौर्णिमा. पुष्कळ कुटुंबं नेमकी त्या दिवशी निघतात. हिशेब करा : भर दुपारी बाराच्या आसपास पूर्ण भरती, तीही पौर्णिमेची, म्हणजे उधाणाची. मुंबईहून निघालेली गाडी किनाऱ्यावर पोचते साधारण तेव्हाच. मंडळी किल्ल्याकडे बघत नारळपाणी पितात आणि परत येतात. त्याऐवजी पंचमी घ्या. ५ ची पाऊणपट पावणेचार, म्हणजे पहाटे भरती होऊन गेली, सकाळी दहाच्या सुमारास ओहोटी. सकाळी लवकर पोचलात तर चालत जाऊन, किल्ला बघून, पाणी चढायच्या आत निवांत परत. अष्टमीला मात्र भांगाची ओहोटी असते. तेव्हा पाणी पुरतं हटत नाही, नुसती वेळ जुळून भागत नाही.

किल्ल्यात गेलात तर मुलांना तटाचे दगड दाखवा. मोठमोठे चिरे चुना न भरता एकावर एक रचलेले आहेत. लाटेचं पाणी फटींतून आत शिरतं, त्यामुळे तिचा जोर मोडतो. भोवती खारं पाणी असून आत गोड्या पाण्याची पुष्करणी आहे, ती कशी असेल, हा प्रश्न विचारून गप्प बसा. उत्तर लगेच सांगू नका. अलिबागेतच चुंबकीय वेधशाळा आहे. आधी ती मुंबईत कुलाब्याला होती. शहरात विजेच्या ट्राम येणार, त्यांनी पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या मोजणीत गडबड होणार, म्हणून १९०४ च्या सुमारास ती खाडीपलीकडे अलिबागला नेली. मला ही गोष्ट फार आवडते. ट्रामची वीज नको म्हणून विज्ञानाने गाव बदललं!

पाण्याचा निर्णय कोणाचा

भरती-ओहोटीवर मी इतकं लिहिलं त्यामागे गणित-भूगोल हे एकच कारण नाही. २०१६ च्या फेब्रुवारीत मुरुडच्या किनाऱ्यावर पुण्याच्या एका महाविद्यालयाच्या सहलीतली डझनाहून अधिक मुलं बुडाली. शिकलेली, मोठी मुलं होती. आपल्या जवळ मालाडला आक्सा आहे, तिथल्या बातम्या दरवर्षी वाचतो. पोहता येतं की नाही हा प्रश्न बहुतेक वेळा दुय्यम असतो. ओहोटी लागली की पाण्याची ओढ बाहेरच्या बाजूला असते आणि पायाखालची वाळू सरकते. वरून समुद्र अगदी शांत दिसतो.

आपण मुलांना दोनच गोष्टी सांगतो : 'खोल जाऊ नकोस' आणि 'लांब जाऊ नकोस'. खोल म्हणजे किती, लांब म्हणजे कुठपर्यंत, आणि का, हे काही सांगत नाही. ज्या मुलीने आदल्या रात्री स्वतः हिशेब करून वहीत लिहिलंय की सव्वाआठला भरती, त्यानंतर पाणी मागे ओढणार, ती मुलगी नऊ वाजता बाबांना म्हणेल, 'बाबा, आता पाण्यात नको.' हे वाक्य मुलाच्या तोंडून येणं मला शंभर सूचनांपेक्षा मोलाचं वाटतं. कारण आणखी पाच वर्षांनी ते मूल कॉलेजच्या मित्रांबरोबर जाणार आहे, तेव्हा आपण तिथे नसणार.

मात्र इथे एक स्पष्ट करतो. पाण्यात उतरायचं की नाही याचा शेवटचा निर्णय मोठ्यांचाच. मूल हिशेब मांडेल, पण होकार आपला. आणि किनाऱ्यावरच्या जीवरक्षकाला किंवा तिथल्या कोळी बांधवांना विचारल्याशिवाय होकार द्यायचा नाही. 'काका, आज पाणी कसं आहे?' एवढं विचारायला मुलालाच पुढे करा. अनोळखी माणसाशी नीट बोलणं हेही आपल्या मुलांना जमत नाहीसं झालंय. लाल बावटा लावलेला असेल तर चर्चा संपली.

ऊन

मुंबईकर कुटुंबाची नेहमीची पद्धत अशी : आठला निघू म्हणत साडेनऊला निघायचं, बारा-साडेबाराला किनाऱ्यावर पोचायचं, वाळू तापलेली, सावली नाही, पोरं रडकुंडीला, आणि चार वाजता ऊन उतरायला लागलं की परतीची घाई. म्हणजे किनारा छान असतो नेमक्या त्याच वेळा आपण प्रवासात घालवतो. हवामान खातं किनारपट्टीला ३७ अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, मैदानी भागात ४० पासून. कारण दमट हवेत घाम वाळत नाही. त्यामुळे 'विदर्भात पंचेचाळीस असतं, आपल्याकडे काय!' हे बोलणं समुद्रावर कामाचं नाही.

म्हणून दिवसाचे तीन भाग करायचे. साडेदहापर्यंत वाळू आणि पाणी. अकरा ते साडेचार सावली : जेवण, देऊळ, सुरूचं बन, एखादी वाडी, डुलकी. मग संध्याकाळ. पहाटेची गाडी धरायची तर आईला चारला उठून डबे करायला लागतात, हे मुलाच्या लक्षातही येत नाही. कागदावर 'डबा' असं लिहिलं की पुढे 'कोण करणार, कधी' हा रकाना ठेवा. आदल्या रात्री दशम्या नाहीतर थेपले करायचे, काकड्या धुऊन ठेवायच्या, कोकम सरबताची बाटली भरायची, यातलं निम्मं काम मुलांकडून होऊ शकतं. दुपारचं जेवण तिथल्याच एखाद्या घरगुती खानावळीत सांगितलं तर आईचीही सहल होते.

मे महिन्यात किनाऱ्यावर खायला काय मिळतं, हेही मुलांना बघू द्या. ताडगोळे, जांभळं, करवंदं, डहाणूकडे चिकू. घोलवडच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. अलिबागकडे पांढऱ्या कांद्याच्या माळा टांगलेल्या असतात. कोळीवाड्याच्या बाजूला बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत असतात. १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत मासेमारी बंद असते, त्या दिवसांची ही बेगमी. वासाला नाक मुरडण्याआधी हे एकदा सांगून ठेवलेलं बरं.

पैसे

रक्कम तुम्ही ठरवा, वाटणी त्यांना करू द्या. 'आपल्याकडे चौघांसाठी दीड हजार आहेत' असं मोकळेपणाने सांगितलं की मुलं आश्चर्य वाटण्याइतकी काटकसरी होतात. रेल्वेत पाच वर्षांखालच्या मुलाला तिकीट नाही, पाच ते बारा वर्षांपर्यंत अर्धं, हे शोधतात. बाटलीबंद पाण्याऐवजी घरून कॅन नेऊ म्हणतात. घोडागाडी की आइस्क्रीम, यावर भावंडांचं भांडणही होईल, होऊ द्या. पण घरात पैशांची ओढाताण असेल तर ती मुलापासून लपवून कर्जाऊ सहल करू नका. वसईचं लोकलचं तिकीट आणि घरचा डबा एवढ्यात उत्तम दिवस जातो.

काही पालक म्हणतील, मुलं चुकतील की. चुकतील. शेअर रिक्षाचे पैसे धरायला विसरतील, टोप्या विसरतील. म्हणून तर कागद आदल्या आठवड्यात तपासायचा. जीव आणि परतीची गाडी या दोन बाबतींत चूक चालणार नाही, बाकी एखादी चूक पोटात घाला. दुपारी उन्हात पंधरा मिनिटं रिक्षा शोधावी लागली तर पुढच्या वेळी तो रकाना कोणी विसरत नाही.

आणि जून महिन्यात

शिक्षकांनो, शाळा उघडल्यावर 'समुद्रकिनाऱ्यावर एक दिवस' हा विषय फळ्यावर लिहूच नका. छोटे प्रश्न द्या. तुम्ही पोचलात तेव्हा पाणी चढत होतं की उतरत होतं, आणि कशावरून कळलं? ठरवलेलं काय बिनसलं? सगळ्यात जास्त पैसे कशावर गेले? तिथल्या कोणाशी बोललात, त्यांनी काय सांगितलं? यातल्या एकाचंही उत्तर गाईडमध्ये नाही. दहा ओळी येतील, अशुद्धही असतील, पण त्या मुलाच्या असतील. शुद्धलेखन आपण नंतर बघू.

वर्गात अशीही मुलं असतात ज्यांची सहल झालेलीच नसते. बाबांना रजा नाही, आई घरकामाला जाते, सुट्टी गल्लीतच गेली. सहलीचा निबंध दिला की ही मुलं खोटं लिहितात, आणि त्यांना खोटं लिहायला आपण लावलेलं असतं. त्यांच्यासाठी वेगळी सोय करायची गरज नाही. समुद्र आपल्या उपनगरांच्या दोन्ही बाजूंना आहे. अंधेरीच्या मुलाला वेसावे जवळ आहे, बोरिवलीच्या मुलाला गोराईची खाडी, मुलुंड-घाटकोपरच्या मुलाला ठाण्याची खाडी. मोठ्या माणसाबरोबर धक्क्यावर किंवा पुलावर उभं राहून, पाण्यात न उतरता, पाणी खांबावर कुठपर्यंत आलंय ते बघायचं, वेळ आणि तिथी लिहायची. तीन-चार दिवसांनी पुन्हा जायचं. पाऊणपटीचा हिशेब आपल्या खाडीला लागू पडतो का, आणि खाडीत पाणी चढायला किनाऱ्यापेक्षा किती उशीर होतो, हे त्या चार नोंदींतून निघतं. ती वही वर्गात पहिल्यांदा वाचायला घ्या.